चिंचोक्यांनी मोजलेलं गाव

मी एक जुनी पितळी चरवी आहे. मित्रांनो, आधीच सांगते, माझ्यातल्या दुधात पाणी नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत हे खरं. पण पुण्याच्या गिऱ्हाइकांत आयुष्य गेलं, की न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायची सवय लागते.

तांबट आळीत मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि पौड रस्त्यावरच्या भुकूम गावच्या रंभाबाईनं मला घरी आणलं. तिच्याकडे एक म्हैस होती आणि आता मी. ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. कोथरूडला तेव्हा शेतांतून बंगले उगवू लागले होते. तिथं देवधरबाई आणि त्यांच्या शेजारणींकडे आमचा दुधाचा रतीब. रंभाबाई डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मला ठेवून पायी निघे. पौडाची एसटी आमच्यावर धूळ उडवून पुढं जाई. भुकूमला थांबा नव्हता. उन्हाळ्यात दूध वाटेतच नासे. एकदा देवधरबाई म्हणाल्या, "रंभाबाई, पुन्हा असं झालं तर मी बाटलीतलं दूध सुरू करणार हो."

बाटली! जिच्या आरपार दिसतं, तिच्यावर कोण संशय घेणार?

अशात बातमी आली, की पुणं वाढणार आणि पुण्याची बस भुकूमपर्यंत आणण्याचा विचार चालू आहे. विचार चालू झाला, की सरकार आधी मोजतं. म्हणून एक चष्मेवाला कारकून रस्त्याकडेच्या उंबराखाली टेबल टाकून बसला. पुण्याकडे माणूस गेलं, की तो रिकाम्या डब्यात एक चिंचोका टाकी. टण्ण! मी स्वतः भांडं, त्यामुळे मला तो आवाज आवडला.

गावाला नाही आवडला. हैबतराव गावातले वडीलधारे. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचं आजोळ मुळशीच्या धरणात बुडालेलं. पारावर बसून ते म्हणाले, "धरणाच्या येळंला बी आदी मोजायलाच आल्ते. आज डोकी मोजत्यात, उद्या रानं मोजतील. त्यो बसलाय तवर कुनी रस्त्यानं जायाचं न्हाई."

"मग कुटनं जायाचं?" पारावरच्या नथूनं विचारलं.

"वढ्यानं."

"आबा, वढ्याला काटं लई."

"काटं काढता येत्यात. धरान काढता येतं का?"

सगळं गाव ओढ्यानं पुण्याला जाऊ लागलं. डब्यात दिवसाकाठी एकच चिंचोका पडे. तो पोस्टमनचा.

ओढ्याची वाट लांबची. देवधरबाईंनी एके दिवशी दुधाची वाटी नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजचं घेते. आजचंच."

परतताना रंभाबाई सरळ उंबराखाली गेली. "सायेब, गाडी कवा येनार?"

"इथं? बाई, इथून माणूसच जात नाही. गाडी अलीकडच्या भूगावपर्यंतच, असं वर कळवतोय."

"आन् मान्सं दिसली तर?"

"तर इथपर्यंत येईल."

"आन् मग?"

कारकुनानं चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "मग रस्ता जरा रुंद होईल."

"कुनाच्या रानातनं?"

"ते माझ्याकडे नसतं. माझ्याकडे फक्त चिंचोके."

ती मला घेऊन तशीच पारावर आली. "आबा, तुमचा संशय खरा हाय. रस्ता रानात घुसनार." आबांचा चेहरा खुलला. रान जाणार याचं दुःख नंतर झालं असावं. "पन त्यो आपुन लपलो तरी घुसनार. गाडी मातुर मोजल्याबिगर येनार न्हाई. रान बी घालवायचं आन् माजा रतीब बी?"

आबांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "डबा कुनाकडं ऱ्हातो?"

"त्याच्याकडंच."

"हितंच गोम हाय."

दुसऱ्या दिवशी आबा कारकुनासमोर उपरणं पसरून बसले. शेजारी चिंचोक्यांची रास. सगळ्यांत आधी रंभाबाई रस्त्यावर आली. डब्यात टण्ण वाजलं, उपरण्यावर टप्प. तिच्यामागून सारं गाव.

"आबा, हे काय चाललंय?" कारकुनानं विचारलं.

"तुजी मोजनी मोजतुया. चालू दे तुजं."

काही महिन्यांनी निरोप आला : प्रवासी अपुरे, बस भूगावपर्यंतच. डबा म्हणे कचेरीत कुणीतरी रिकामा करून त्यात टाचण्या ठेवल्या होत्या. आबांनी उपरण्याचं गाठोडं उचललं, रंभाबाईनं मला उचललं, आणि आम्ही पुण्याच्या कचेरीत गेलो. आबांनी गाठोडं कारकुनाच्या वरच्या साहेबांच्या टेबलावर सोडलं.

"हे काय आहे?" साहेब दचकले.

"भुकूम," आबा म्हणाले. "मोजा. आमी बसतो."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून टाचण्यांच्या डब्याकडे पाहत म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. मी समोरच होतो."

बस आली. पहिल्याच दिवशी कंडक्टरनं माझं झाकण उघडून विचारलं, "पाणी आहे का यात?" देवधरबाईंनी दूध चाखलं आणि भुवया उंचावल्या. "आज इतकं चांगलं कसं?" रतीब मात्र राहिला.

पुढं रस्ताही रुंद झाला, आबांच्या रानाची एक पट्टी घेऊन. पण रानाच्या मोजणीच्या दिवशी जमीन मोजायच्या साखळीचं दुसरं टोक आबांच्या हातात होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता मी एका दिवाणखान्यात कागदी फुलं सांभाळते. अंगावर हिरवे डाग पडलेत. मित्रांनो, मला अधूनमधून चिंचेनं घासत जा. चिंचोके मात्र फेकू नका. कोणीतरी पुन्हा टेबल टाकून बसेलच.