थांबवलेली चोरओटी

माझी लेक कादंबरी दुपारची झोपली की मी पोटावर हात ठेवून बसते. आज त्यातलीच काही मिनिटं या लिहिण्याला.

या खेपेला तिसऱ्या महिन्यात डबल मार्कर या गरोदरपणातल्या तपासणीसाठी रक्त दिलं. रिपोर्टमध्ये एका प्रथिनाचा आकडा कमी आला. डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वार नीट रुजली नसेल, बाळाच्या हृदयात काही असेल, किंवा काहीच नसेल. पाचव्यात ठाण्याला बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, इको, करून घ्या." सगळं एकाच आवाजात. यातल्या नेमक्या कशाला घाबरायचं, तेच मला कळेना.

घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चोरओटीचं ताट मांडून बसल्या होत्या. तिसऱ्यात कुणाला न सांगता भरतात ती; खण, नारळ, तांदूळ. रिपोर्टचं ऐकलं आणि त्यांनी ताट उचलून ठेवलं. "इको होऊ दे. मग भरू."

म्हणजे तोवर हे बाळ नाहीच का? हे मनातच राहिलं. तोंडाने म्हटलं, "चालेल."

इकोच्या दिवशी कोलशेतजवळ गाडी अडकली. नवरा, सुदेश, पुढे ड्रायव्हरशेजारी. आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "संचिता, गौरी बसायच्या वेळी पाळी पुढे जावी म्हणून त्या गोळ्या मीच घ्यायला लावल्या तुला. तेव्हा हे बाळ पोटात राहिलेलंच होतं ना गं?"

ताट त्यांनी का उचललं, ते तेव्हा कळलं. त्यांना बाळाचा नाही, आपल्या हातून काही झालं असेल याचा धसका होता.

"आई, गूगल करत बसू नकोस," सुदेश वळून म्हणाला.

"मला कुठे येतं? मी आपली फोनला बोलून विचारते."

आत डॉक्टरांनी इको सुरू केली. पोटावरचं ते यंत्र एकाच जागी फिरत होतं. ठोके मात्र ऐकू आले. भरभर, कादंबरी जिना उतरते तसे.

"चारही कप्पे आहेत, झडपा ठीक आहेत. मधल्या पडद्यात बारीक छिद्र असावंसं वाटतंय. अशी बरीचशी आपोआप बुजतात. महिन्याभराने परत बघू."

"मार्कर त्यामुळेच कमी आला?" मी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार."

"आणि पाळीच्या गोळ्या?" आईंनी हळूच विचारलं.

"त्यांनी झालं असं मी म्हणणार नाही, आजी."

लिफ्टमध्ये आई म्हणाल्या, "त्यांनी नाही झालं, असंही नाही म्हणाले हो ते."

घरी येऊन त्यांनी ताट पुन्हा काढलं, तांदूळ बदलले आणि तशाच उभ्या राहिल्या. "धड हो नाही, धड नाही नाही. काय करायचं गं? भरू?"

मला तरी कुठे कळत होतं. कादंबरी नारळाची शेंडी उपटत होती. मी पाट ओढून बसले. ड्रेसवरच होते, पदर नव्हता. ओढणीच पुढे धरली.