बांधावरचं गवत

"आज्जी, डोकं हलू देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशी बसव्वानं करियाची मान काखेत आणखी आवळली. पत्र्याच्या टेबलावर कुत्र्याची नखं करकरली. उजवा डोळा सुजून नुसती फट उरली होती आणि त्या फटीतून पिवळं पाणी गालावर उतरत होतं.

डॉक्टरीणबाईंनी बधिर करणारा थेंब सोडला, थोडं थांबल्या, मग चिमट्यानं आतल्या कोपऱ्यातली पांढरट पापणी उचलली. कुत्र्याला तिसरी पापणी असते हे बसव्वाला ठाऊक नव्हतं. माणसाला दोन दिल्या आणि कुत्र्याला एक जादा, देवाचा हा हिशेब तिला बरोबरच वाटला. चिमटा आत फिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला एक कुसळ होतं, टोकदार, काळपट, शेपटीला बारीक केस असलेलं.

"दगड न्हाय?" बसव्वानं विचारलं.

"दगड कुठला? गवताचं कुसळ आहे. पापणीमागं रुतून बसलं होतं. डोळा मिटला की घासायचं."

"नीट बघा की बाई. गोफणीचा दगड लागलाय त्याला."

"दगड लागला असता तर पापणी फुटली असती, आत रक्त साकळलं असतं. तसं काही नाही."

बसव्वाचं तोंड एवढंसं झालं. वळसंगपासून सोलापूरपर्यंत सगळ्या वाटेनं तिनं धाकट्या दिराला, बसलिंगप्पाला, शिव्याशाप दिले होते. त्याचे हात झडावेत, त्याच्या ज्वारीला काणीचा रोग लागावा, त्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरू नये, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. ते सगळे शाप आता दारातूनच परत फिरल्यासारखे झाले.

त्या संध्याकाळी बसलिंगप्पाच्या राखणीच्या माळ्यावरून गोफणीचा फटकारा तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पाठोपाठ करिया केकाटत ज्वारीतून बाहेर आला, एक डोळा मिटून, तोंड मातीत घासत. एवढं झाल्यावर आणखी कसला पुरावा लागतो? बसव्वा बांधावर उभी राहिली होती, खुरपायला आलेल्या बायांच्या देखत तिनं कपाळाच्या विभूतीला हात लावला होता, आणि करियाचा डोळा उघडेपर्यंत बसलिंगाच्या घरचं पाणी मला विटाळ, असं ओरडून सांगितलं होतं. माळ्यावर बसलिंगप्पा नुसता उभा राहिला होता. हातात गोफण होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या. बुबुळाला खड्डा पडलाय, उशीर केला तर डोळा फुटेल. आजच भूल देऊन तीच आतली पापणी डोळ्यावर ओढून शिवून टाकायची, म्हणजे आत जखम भरून येईल. मग टाके काढल्यावर कळेल, किती दिसतं ते. बसव्वा मान हलवत होती, पण तिची नजर त्या कुसळावर होती. डॉक्टरीणबाईंनी ते कापसासकट बादलीत टाकलं.

तेवढ्यात गाडी लावून तिचा मुलगा सिद्धलिंग आत आला.

"दगडच ना, अव्वा?"

डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या होऊन हात धूत होत्या. बसव्वानं करियाच्या कानामागं खाजवलं.

"डोळा जायची येळ आलीय," ती म्हणाली. "कशानं, ते काय इचारतोस."

हे खोटं नव्हतं. बसव्वा कुणाशी खोटं बोलत नसे, ते तिला कमीपणाचं वाटे.

करिया घरी आला तो गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा घालून. जखमेला पंजा लागू नये म्हणून तो होता, पण पंचायतीच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळं गावानं त्याला प्रचाराला जुंपून टाकलं. करिया कुणाच्या पार्टीत गेला म्हणून येणारा जाणारा विचारायचा. तुमच्या पार्टीत न्हाई, त्याला इमान हाय, असं बसव्वा ओट्यावरूनच ऐकवायची. भोंगा दाराच्या चौकटीला अडकायचा, ताटलीला आपटायचा, करिया बावरून जागच्या जागी उभा राहायचा. मग ती खाली बसून भाकरी दुधात कुस्करून आपल्या हातानं भरवायची. सून दानेश्वरी औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचून सांगायची. बसव्वाला वाचता येत नव्हतं, पण निळ्या झाकणाची आधी आणि पांढऱ्या झाकणाची नंतर, हे तिनं एकदाच ऐकलं आणि पुन्हा कुणाला विचारलं नाही. मालकाला माती देऊन मंडळी परत निघाली तेव्हा हे पिल्लू कुठून तरी मागं लागून आलं होतं. कुणी हाकललं तर बसव्वाच्या लुगड्याआड शिरायचं. त्या दिवशी तिला हाकलायचं त्राण नव्हतं, आणि पुढं कधी मन झालं नाही.

त्याच वर्षी बसलिंगप्पानं शेताची मोजणी आणली होती. जो पोर असताना तिच्या कडेवर बसून मोठा झाला, ज्याचा शेंबूड तिनं पदरानं पुसला, त्यानं भावाची माती वाळायच्या आत बांधाचा दगड हातभर आत सरकवला. निदान बसव्वा तसं म्हणायची. बसलिंगप्पाचं म्हणणं, दगड मूळचा तिथंच होता. तेव्हापासून बांध कुणाचाच नव्हता. ज्यानं गवत कापलं त्यानं मालकी सांगितली असं होईल, आणि मग दुसरा कोर्टात जाईल, म्हणून दोघांनीही विळा लावला नाही. दर साली गवत कमरेएवढं वाढायचं, वाळायचं, वाऱ्यावर लोळायचं. गोठ्यात जनावरं उपाशी हंबरली तरी त्या गवताला कुणी हात लावत नसे.

सिद्धलिंगनंच गावात सांगितलं, ऑपरेशन झालं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून बसलिंगप्पाच्या माळ्यावरचा गोफणीचा आवाज बंद झाला.

आधी बसव्वाला वाटलं, बाहेरगावी गेला असेल. मग दिसलं, तो आहे. बुजगावण्यासारखा माळ्यावर उभा राहून स्टीलची थाळी बडवतोय. पहिल्या दिवशी पाखरं घाबरली, दुसऱ्या दिवशी ओळखीची झाली, तिसऱ्या दिवशी थाळी वाजली की जेवायला बोलावल्यासारखी उतरायला लागली. गोफण त्यानं विहिरीत टाकली म्हणे. पुन्हा हातात धरणार नाही म्हणून बायकोजवळ बोलला म्हणे. दानेश्वरी हे सांगताना सासूकडं बघत होती. बसव्वा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही.

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, ज्वारी हुरड्यात आली होती, दाण्यात दूध होतं. बसव्वा करियाला घेऊन सकाळीच शेतात जायची, त्याला माळ्याखाली सावलीत बांधायची आणि वर चढून गोफण फिरवायची. तिचा हात या वयातही असा होता की दगड सुटला की कणसांवरून वारा गेल्यासारखा आवाज व्हायचा. थवा उठायचा, एक गिरकी घ्यायचा आणि बांध ओलांडून बसलिंगप्पाच्या शेतात बसायचा. ती मुद्दाम तशाच बाजूनं मारायची.

"जेवा, बायांनो," ती पाखरांना म्हणायची. "पोटभर जेवा. बसलिंगाचं घर लई मोठ्या मनाचं हाय."

पलीकडं कणसं रिकामी होत चालली होती. दुरून पांढरी दिसणारी ज्वारी काळपट, खरवडल्यासारखी दिसू लागली. बसव्वाला बरं वाटायचं. शाप देऊन जे मिळालं नसतं ते नुसतं गप्प बसून मिळत होतं. तिला भूक चांगली लागायची. फक्त करियाला औषध घालताना, शिवलेल्या पापणीवर बोट टेकलं की, तिच्या मनात बादलीतलं ते कुसळ यायचं, आणि ती उगाच दानेश्वरीवर खेकसायची.

टाके काढायला जायच्या आदल्या संध्याकाळी बसलिंगप्पा दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. वाळला होता. दाढी वाढली होती. करियानं त्याला पाहिलं, भोंग्यासकट शेपूट हलवत पुढं गेला, आणि भोंगा त्याच्या गुडघ्यावर आपटला. बसलिंगप्पानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"वैनी, उद्या कळंल म्हणत्यात, दिसतंय का न्हाय ते."

बसव्वा सुपातली ज्वारी निवडत राहिली.

"दिसंना झालं तर म्या तरी काय भरून देणार," तो म्हणाला. "अण्णाच्या मागं आलेलं कुत्रं. म्या त्याच्याकडं बघून मारली न्हवती वो. पर लागली ती लागली." त्यानं डोक्याचा पंचा नीट केला. "बांध तुमी घ्या. उद्याच गवत कापा. मी कुणाकडं जात न्हाय की काय न्हाय."

सुपातली बोटं थांबली. आतून सिद्धलिंग बाहेर आला होता, तो खांबाला टेकून उभा राहिला. मालक गेल्यापासून ज्या हातभर मातीपायी तिला अन्न गोड लागलं नव्हतं, ती माती आपल्या पायानं चालत उंबऱ्याशी आली होती. हेच वाक्य याच तोंडून कसं निघेल, आपण त्यावर काय ऐकवू, हे तिनं कितीदा तरी मनाशी घोकून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही तिला आठवेना.

"बगू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भोंगा काढला आणि टाके सोडले. पापणी मागं सरकली, आणि करियानं कितीतरी दिवसांनी दोन्ही डोळ्यांनी बसव्वाकडं पाहिलं. उजव्या डोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं फूल पडलं होतं. ते राहणारच, बाई म्हणाल्या, पण डोळा वाचला. डावा डोळा झाकून त्यांनी कापसाचा बोळा खाली सोडला. करियाची नजर बोळ्यामागं खाली गेली. सिद्धलिंग हसला. बसव्वानं तोंड वळवून पदर डोळ्याला लावला, आणि इथं फिनाईलचा वास लई मारतोय म्हणाली. थेंब अजून काही दिवस घालायचे होते.

सकाळी ती विळा घेऊन बांधावर गेली. गाव तिकडंच बघत असणार हे तिला माहीत होतं. कमरेएवढ्या वाळल्या गवतात शिरली, पहिली मूठ धरली, कापली. कुसळं लुगड्यात घुसली, पोटऱ्यांना टोचली, बोटांच्या पेरांत शिरली. तिनं दुसरी मूठ धरली. मागं सळसळ झाली म्हणून वळली तर करिया दावं तोडून तिच्या मागं गवतात नाक खुपसत होता.

"माघारी हो!" ती अशी ओरडली की तो जागीच बसला.

तिनं त्याला उचललं, चांगलं जड धूड, आणि माळ्याखाली नेऊन दुहेरी गाठ मारून बांधलं. त्याच्या तोंडावरून, भुवयांवरून, कानांच्या आतून एकेक कुसळ काढलं. मग परत गेली आणि थांबली नाही. ऊन चढेपर्यंत तिनं अख्खा बांध साफ केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडाच्या अलीकडचा आणि पलीकडचाही. पलीकडं माळ्यावर बसलिंगप्पा थाळी मांडीवर घेऊन बसला होता. तो बघत होता. बडवत नव्हता. त्याच्या कणसांवर पाखरं निवांत बसली होती.

बसव्वानं पेंढ्या बांधल्या, कंबर सरळ केली आणि हाक मारली.

"बसलिंगा. खाली ये. निम्म्या पेंढ्या उचल."

तो खाली आला, बांधापाशी उभा राहिला. "तुमालाच दिला की वैनी बांध."

"तू देणारा कोण? आनि ती गोफण कशाला रे टाकलीस हिरीत? लई मोठा नेमबाज लागून गेलास?" तिनं विळ्याचं पातं गवताच्या मुठीनं पुसलं. "पोर होतास तवा मीच शिकवली तुला गोफण. आठ दिस शिकवली तरी चिंचंच्या झाडाला मारलेला दगड माझ्याच पाठीत बसला. तुझ्या हातनं आजवर चिमणी मेली न्हाय. माझा करिया कुटनं मरतोय."

बसलिंगप्पाला काही कळेना.

"डोळ्यात कुसळ गेलं हुतं," ती म्हणाली. "ह्या बांधावरचं. तुझ्या निम्म्यातलं का माझ्या निम्म्यातलं, ते कुसळाला इचार."

तो कितीतरी वेळ कापलेल्या बुडख्यांकडं बघत राहिला. मग मान वर केली.

"तुमाला कवा कळलं?"

बसव्वानं विळा कमरेला खोचला. "पयल्याच दिशी, दवाखान्यात. गाडी लावून सिद्धू आत यायच्या आदी."

मागं वळून त्यानं आपल्या शेताकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. बसव्वानंही तिकडंच पाहिलं, दुसरीकडं बघायला जागा नव्हती. मग त्यानं निम्म्या पेंढ्या मोजून घेतल्या, एक जास्त नाही, एक कमी नाही, आणि निघून गेला.

ती माळ्याखाली येऊन करियाजवळ बसली. औषधाची वेळ झाली होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अंगठ्यानं पापणी वर केली आणि निळ्या झाकणाच्या बाटलीतला थेंब सोडला. मुरेपर्यंत डोळा धरून ठेवायचा होता.

पलीकडं माळ्यावर बसलिंगप्पा चढला होता. डोक्याचा पंचा सोडून त्यानं त्याला दुहेरी पीळ दिला, मध्ये ढेकूळ ठेवलं आणि डोक्याभोवती गरगर फिरवलं. ढेकूळ सुटलं. फटकारा झाला तसा करिया दचकला, बसव्वानं त्याला दाबून धरलं. पलीकडच्या कणसांवरून अख्खा थवा उठला, मोकळ्या बांधावरून एका वळणात अलीकडं आला आणि तिच्या भरल्या ज्वारीत उतरला.

तिची गोफण हाताशीच होती. कणसं वाकत होती, दाणे टिपल्याचा बारीक आवाज येत होता. बसव्वानं अंगठा ढळू दिला नाही. ती पांढऱ्या झाकणाची बाटली दातानं उघडू लागली.