धादांत खोटं

बातम्यांवर रविकांतरावांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि बातम्या लावल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घासही उतरत नव्हता. चेन्नईतल्या एग्मोर भागातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळी चहाबरोबर टीव्ही सुरू व्हायचा आणि टीव्हीबरोबर रविकांतराव सुरू व्हायचे. अर्थव्यवस्था उसळली म्हणून निवेदक ओरडला की ते विचारायचे, "मग तूरडाळ का उतरली नाही रे?" अमक्याची लाट आली म्हटलं की, "लाट मोजायला हा गेला होता का?" उन्हाळा आला की शतकातला सर्वांत कडक, पाऊस आला की शतकातला सर्वांत मोठा, एकेका शतकात ही मंडळी किती शतकं बसवतात देव जाणे. रेल्वेच्या लेखा विभागात आयुष्य गेलेलं. दुसऱ्याच्या कागदातली खोट शोधण्याचाच त्यांना पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय काही थांबली नाही.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच निघायचं. चेन्नईतल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी कारखान्यात. बहुतेकांना तमिळ वाचता येत नसे, त्यामुळे ज्या शहरात राहतो तिथली बातमी त्यांना मुंबईच्या वाहिन्यांवरून कळायची. ती बघून नाशिक-साताऱ्याहून घाबरेघुबरे फोन यायचे, "चेन्नई बुडाली म्हणे!" मग जो तो तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा आणि रविकांतकाकांची वाट बघत बसायचा. काका सावल्या बघत, गाड्यांचे नंबर बघत, दुकानांच्या पाट्या बघत आणि खाली दोन शब्द लिहीत, 'धादांत खोटं.' झालं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे. काकांचे नियमही ठरलेले होते. ज्यावर 'फॉरवर्डेड' असं उमटलंय ते खोटं धरून चालायचं. आणि ओळखीच्या नंबरवरून कुणी अचानक मदत मागायला लागलं तर नंबर हॅक झालाय असं समजायचं, उत्तर द्यायचं नाही.

कार्तिकातला पाऊस दोन दिवस लागून राहिला होता. त्या सकाळी मराठी वाहिनीवर 'चेन्नई पाण्याखाली' अशी पट्टी आली आणि पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बसगाड्या दिसायला लागल्या. रविकांतरावांनी चष्मा पुसला, चित्र थांबवलं आणि खुर्चीतून ताडकन उठले. मागे एका बँकेची पाटी दिसत होती. ती बँक तर कधीच दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती!

"सापडला!" ते बायकोला ओरडून म्हणाले. "विद्युलता, बघ! जुना व्हिडिओ, नवी पट्टी!"

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'धादांत खोटं. मागची पाटी पाहा. घरी बसा, भजी तळा.' खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. रविकांतराव लहान मुलासारखे खूश झाले.

एवढ्यात सुनेचा फोन आला. मधुवंती, लग्नाला वर्ष होत आलेलं, माहेर सातारचं, आणि आता सातवा महिना. मुलाला, तन्मयला, शहराबाहेर ओरगडमच्या मोटारीच्या कारखान्यात नोकरी, म्हणून त्या दोघांनी तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नव्या वसाहतीत बैठं घर घेतलं होतं. वसाहतीच्या जागी पूर्वी तलावाचं पोट होतं असं जुने लोक म्हणायचे.

"बाबा, इथे भोंगा लावलेली रिक्षा फिरतेय," ती म्हणाली. "वरच्या तलावाचं पाणी सोडणार, असं समोरचे हातवारे करून सांगत होते. ते सगळे निघाले. मी बॅग भरलीय. तुमच्याकडे येऊ का?"

"तन्मय काय म्हणतो?"

"ते पहाटेच गेले. कारखान्यात फोन लॉकरमध्ये असतो ना त्यांचा."

"अगं, निवडणुका जवळ आल्यात. आम्ही तुमची किती काळजी घेतो ते दाखवायला भोंगे फिरवतात. मी इतकी वर्षं बघतोय. आत्ताच एक व्हिडिओ पकडला, साफ खोटा! अशा पावसात रिक्षाचे हादरे खात येण्यापेक्षा घरात पाय वर करून पड. बाहेर पडू नकोस."

"नक्की ना, बाबा?"

"मी सांगतोय ना!"

स्वयंपाकघरातून विद्युलताबाई म्हणाल्या, "येऊ द्या की तिला. खरं असो, खोटं असो, चार दिवस राहील." रविकांतरावांनी हात झटकला. सुनेवर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच असल्या फालतू भीतीपायी तिला त्रास होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. मधुवंतीनं बॅग रिकामी केली.

जेवणं आटोपत होती तेव्हा तिचा फोटो आला. स्वयंपाकघराचा ओटा, त्याच्या कडेला तिची स्वतःची पावलं, आणि खाली फरशी नव्हतीच, चहाच्या रंगाचं पाणी होतं. त्यात सिलिंडर आडवा होऊन तरंगत होता. खाली लिहिलं होतं, 'एकदम आलं. बाहेरच्या ग्रिलला कुणाची तरी स्कूटर वाहत येऊन अडकलीय. ग्रिल उघडत नाही. गल्लीत कुणी नाही. बाबा, काय करू?'

रविकांतरावांचा हात आमटीच्या वाटीत पडला. त्यांनी तो पुसलाही नाही. मधुवंतीला फोन लावला, लागेना. तन्मयला लावला, वाजत राहिला. मदतकेंद्राचा नंबर सतत व्यग्र. बाहेर पाऊस तसाच कोसळत होता, सकाळसारखाच, आणि सकाळी त्याचा आवाज इतका भयंकर कसा वाटला नाही याचं त्यांना नवल वाटलं.

"उन्मेष!" विद्युलताबाई म्हणाल्या. "उन्मेष तिथेच राहतो ना, मोठ्या रस्त्यावर!"

उन्मेष तन्मयचा मित्र, त्याच कारखान्यातला, त्या आठवड्यात रात्रपाळीला. दिवसा घरी असणार. त्याचाही फोन लागेना. पण निरोप जात होते. उन्मेषच असं नाही, कुणीही चालेल, म्हणून रविकांतरावांनी मधुवंतीचा फोटो तसाच ग्रुपवर पाठवला आणि खाली घाईघाईनं लिहिलं, 'ताबडतोब मदत हवी. सून घरात अडकली आहे. जवळ असेल त्याने जावे.'

पहिलं उत्तर बँकेतल्या गुरुराजचं आलं. 'काका, फोटोवर फॉरवर्डेड लिहून येतंय.'

मग श्रीहरी. 'कुणीही उत्तर देऊ नका. काकांचा नंबर हॅक झालाय. त्यांनीच सावध केलं होतं.'

मग खुद्द उन्मेष. 'मी इथेच आहे. आमचा रस्ता तर कोरडा आहे. आणि काकांनी सकाळीच सांगितलंय.'

त्याखाली कुणीतरी दोन शब्द टाकले, 'धादांत खोटं.' आणि त्याला अंगठे आले.

रविकांतराव लिहायला लागले. 'माझ्या सकाळच्या मताचा कृपया विपर्यास करू नये. तो व्हिडिओ जुनाच होता. तथापि आता परिस्थिती बदललेली असून...'

विद्युलताबाई खांद्यावरून वाचत होत्या. "हे काय लिहिताय?" त्या किंचाळल्या. "पुढाऱ्यासारखं काय लिहिताय? पोर पाण्यात उभी आहे! सांगा की सरळ!"

त्यांनी ते सगळं पुसलं. लिहायला धीर नव्हता, म्हणून माइकचं चिन्ह दाबून धरलं आणि बोलायला लागले. "उन्मेष, मी रविकांत. मी चुकलो. सकाळी मी लिहिलं ते... पाटी जुनी होती, पण पाणी खरं आहे. मधुवंती निघत होती रे. बॅग भरून तयार होती. मी तिला थांबवलं. मीच. ती ओट्यावर उभी आहे, दाराला स्कूटर अडकलीय. उन्मेष, बाळा, जा. तुझ्या पाया पडतो, जा."

त्यांनी बोट उचललं. तो आवाज ग्रुपवर गेला. मग उन्मेषचा एकच शब्द आला.

'निघालो.'

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते रविकांतरावांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. विद्युलताबाई देवापुढे बसल्या होत्या आणि त्यांना एकही स्तोत्र आठवत नव्हतं. रविकांतराव छत्री घेऊन दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, कारण जाणार कसं? गाड्या बंद, रस्ते बंद. ओट्याची उंची किती असेल, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. आपल्या ओट्याशी जाऊन ते उभे राहिले. कमरेला लागला. एवढ्या पाण्यात ती पोटुशी पोर घसरली तर? टीव्ही अजून चालूच होता, त्याच बसगाड्या, तीच पाटी. बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

फोन वाजला तेव्हा नंबर उन्मेषचा होता, आवाज मधुवंतीचा.

"बाबा, मी ठीक आहे. उन्मेषभावजींच्या घरी आहे. त्यांनी नि खालच्या वॉचमननं स्कूटर ओढून काढली. खांद्यावर बसवून आणलं मला. बाळ हलतंय, बाबा. आत्ताच हललं."

विद्युलताबाईंनी फोनवरच रडायला सुरुवात केली. रविकांतरावांना खुर्चीही नीट सापडेना, ते तसेच जमिनीवर बसले. "पोरी," ते म्हणाले, "माझं चुकलं गं. मी तुला..."

"ते राहू दे, बाबा." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, आमच्या मागच्या गल्लीत तुळसीताई आहेत. तंजावरकडच्या. वसाहतीत माझ्याशी मराठी बोलतात त्या एकट्याच. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेत."

"बरं."

"सकाळी त्यांनी रिक्षा बोलावली होती. वडिलांना उचलून ठेवायला माणसंही आली होती. मी तेव्हाच तुमच्याशी बोलून बाहेर आले होते. मी त्यांना म्हटलं, माझे सासरे सगळ्या बातम्या तपासतात, ते म्हणतात काही होत नाही. म्हटलं, आजारी माणसाला कशाला पावसात काढता? त्यांनी रिक्षा परत पाठवली, बाबा. माझ्यासमोर."

टीव्ही अजून बोलतच होता; रविकांतरावांनी हात लांबवून तो बंद केला.

"मागची गल्ली आणखी खोल आहे. उन्मेषभावजी आणि तो वॉचमन परत गेलेत बघायला. अजून आले नाहीत. त्यांचा फोन इथेच आहे." तिला धाप लागली होती. "नंतर त्या निघाल्या असतील ना, बाबा? त्यांना तमिळ कळतं. भोंगा त्यांनी ऐकला असेल. निघाल्या असतील ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच सून एवढ्या आशेनं त्यांना काही विचारत होती, आणि पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"मला माहीत नाही," रविकांतराव म्हणाले. "मधू, मला माहीत नाही."