सुई हलली की सांग

हजेरी संपता संपता वर्गातल्या पिंकीनं माझ्या टेबलावर सृष्टीची चिठ्ठी ठेवली, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रजेच्या चिठ्ठ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. ऊसतोड सुरू झाली की आमच्या पोरांना ताप येतो आणि त्यांच्या आज्या मरायला लागतात. आठवीतल्या एकाची आजी तर या वर्षात दोनदा मेली आहे. म्हणून मी चिठ्ठी हातात घेतली तीच कपाळाला आठी घालून.

"मा. बाईंना, मी सृष्टी आज शाळेत येऊ शकत नाही. होकायंत्र उद्या नक्की आणून देते. आज आण्णा मोटरीच्या केबलला जोड मारणार आहेत. लाईट कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून मी केबलवर होकायंत्र ठेवून बसणार आहे. सुई हलली की मी आण्णांना सांगणार आहे. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी." खाली तिच्या वडिलांची, उदयसिंहची, फौजेतली ठसठशीत सही.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. या वेळी 'केबल' शब्दापाशी अडले.

होकायंत्र मीच दिलं होतं. मागच्या आठवड्यात वर्गात एक सेल, हातभर तार आणि होकायंत्र एवढंच घेऊन मी प्रयोग केला. तार सेलला जोडली आणि सुई टुणकन वळली. शेवटच्या बाकावरचे महाराजसुद्धा उठून बघायला पुढे आले. मला चेव चढला. मी म्हणाले, "तार मुकी असते, पण ही सुई तिची चहाडी करते. तारेतनं वीज गेली की सुई हलणार म्हणजे हलणार. सुई कधी खोटं बोलत नाही." चोवीस वर्षं हेच वाक्य मी म्हणत आले आहे आणि दर वर्षी मला ते आवडतं. मग प्रत्येकानं पाळीपाळीनं होकायंत्र घरी न्यायचं आणि निरीक्षण लिहून आणायचं, असा गृहपाठ दिला. सृष्टीची पाळी सोमवारी आली. मंगळवारी मी वह्या तपासून परत दिल्या, होकायंत्र मात्र तिनं अजून एक दिवस मागून घेतलं. आज बुधवार होता.

पण वर्गात होता तो सेल. सेलची वीज एकाच दिशेनं जाते, म्हणून सुई एका बाजूला वळते. खांबावरनं येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. सुईला एकीकडे ढकललं न ढकललं तोच दुसरीकडे ओढलं जातं, ती बिचारी कुणाचं ऐकणार? जागेवरच राहते. त्यातून मोटर बंद असली तर तारेतून काही वाहतच नसतं. नळ बंद असला तरी पाइपात पाणी दाबानं उभं असतं ना, तशी वीज तारेत उभी असते. माणसाचा हात लागला की नळ उघडतो.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. वर्गात का सांगितलं नाही? परीक्षेत विचारत नाहीत म्हणून.

शेतीची लाईट आमच्याकडे गावच्या लाईटीपेक्षा वेगळी, आणि तिची वेळ दर आठवड्याला बदलते. या आठवड्यात ती अकराला येणार होती, म्हणजे कागदावर अकराला. परवा पावणेअकरालाच आली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा पस्तीस.

उदयसिंहला फोन लावला. उचलला त्याच्या आईनं, आक्काताईंनी.

"आवं बाई, त्यो रानात गेलाय. फोन हितंच चार्जिंगला लावलाय."

"आक्काताई, कुणाला तरी पळत रानात पाठवा. तारेला हात लावू नका म्हणावं. लाईट येणार आहे."

"घरात कोन हाय आता? सूनबाई सांगलीला गेलीया. मी निगते, पर माजं गुडघं तुमाला ठावं हायतच. आन् काळजी कशाला करता? पोरगी बसलीया न्हवं यंत्र घिऊन?"

काळजी त्या यंत्राचीच होती. मी फोन ठेवला, पिंकीला म्हणाले, "हेडसरांना सांग बाई गेल्या म्हणून," आणि स्कूटीची किल्ली घेतली. वर्ग उघडाच टाकला. नोकरीत असं पहिल्यांदाच केलं.

गावाबाहेर पडता पडता वायरमनला फोन लावला. आमचा वायरमन यल्लाप्पा माझाच विद्यार्थी. आठवीत असताना त्याला मी भर वर्गात म्हणाले होते, की तुला या जन्मात अधिक-उणे कळायचं नाही. आता पंचक्रोशीतले खांब तोच चढतो.

"यल्लाप्पा, अकराची लाईट थांबव. उदयसिंह तार सोलत बसलाय."

"आवं, मी पार दुसऱ्या टोकाला खांबावर हाय. सबस्टेशनला फोन लावतो, पर लागंलच असं न्हाई. डीपी पाडली न्हाई व्हय त्यानं?"

डीपी म्हणजे रानातला ट्रान्सफॉर्मर. तिथला फ्यूज काढला, म्हणजे डीपी 'पाडली', की लाईट खाली येतच नाही. "नसणार पाडली," मी म्हणाले.

"कशी पाडंल? बारा जणांच्या मोटरी हायत त्येच्यावर. पाडली की बारा जणांच्या शिव्या. म्हनून लाईट नसताना उरकत्यात सगळी. पर निदान टेस्टर तरी लावावा की गड्यानं."

"त्यानं होकायंत्र लावलंय."

मग तो म्हणाला, "बाई, खांबावरची लाईट होकायंत्राला कुटं कळती?"

ज्याला मी ढ म्हणाले त्याला माहीत होतं आणि माझ्या हुशार सृष्टीला माहीत नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली, की फोन पर्समध्ये टाकायचा तो दोनदा खाली पडला.

शाळेपासून त्यांचं रान साडेतीन किलोमीटर. निम्म्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या शिगोशिग भरलेल्या, वर मोठ्या आवाजात गाणं लावलेलं, आणि रस्ता एवढासा. मी हॉर्न दाबून धरला. ट्रॅक्टरवाला मान डोलवत होता, पण ती गाण्यावर. बाजूनं घालावं तर एकीकडे पाट आणि दुसरीकडे बाभळी. घड्याळात दहा चव्वेचाळीस. मी स्कूटी तिथेच बाभळीला टेकवली, साडी खोचली आणि पाटाच्या कडेनं पळत सुटले. चोपन्न वर्षांची बाई पळताना कशी दिसते ते मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला लाज नव्हती, नुसती भीती होती. छातीत कळ आली तरी थांबले नाही. पावलं मोजत होते आणि मनात एकच चाललं होतं, परवासारखी आज लवकर नको येऊस बाई, आज नको.

उसाच्या कडेला पोचले तेव्हा दोघं दिसले.

खांबावरनं उतरलेली केबल बांधावरून मोटरीच्या खोपीकडे गेली होती. मधे कुठेतरी घुशीनं ती कुरतडली होती. उदयसिंहनं खराब तुकडा कापून टाकला होता आणि तो ओल्या मातीत अनवाणी उकिडवा बसला होता. खांबाकडनं आलेल्या तीन तारा सोलून चकचकीत केलेल्या, आणि तीच टोकं त्याच्या डाव्या हातात. उजव्या हातात पक्कड. त्याच्यापासून दहा पावलांवर सृष्टी केबलजवळ मांडी घालून बसली होती, मान खाली, नजर होकायंत्रावर.

"सृष्टी, ऊठ तिथनं," मी ओरडले.

तिनं मान वर केली नाही. नुसता तळवा उचलून मला थांबायची खूण केली. नंतर कळलं, की सतरा वर्षं फौजेत काढलेल्या बापानं लेकीला सांगितलं होतं, तू संत्री, म्हणजे पहारेकरी, काही झालं तरी सुईवरनं नजर काढायची नाही. पोरगी पहाऱ्यावर होती आणि पहाऱ्यावरचा शिपाई बाईंनी हाक मारली म्हणून हलत नाही.

"उदयसिंह, सोडा ती तार."

त्यानं वर बघितलं आणि हसला. "आवं बाई, तुमी कशापायी आला? येतीया उद्या शाळंला. एवडा जोड मारला की झालं." आणि पुन्हा मान खाली घालून तारेला पीळ द्यायला लागला.

माझा दम संपला होता. सेल, दिशा, पन्नास वेळा, यातलं काही सांगायला माझ्याकडे श्वासच नव्हता आणि त्याच्याकडे वेळ नव्हता. तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. रोज सकाळी प्रार्थनेला चारशे पोरांसमोर मी जो आवाज काढते, तोच पोटातनं काढला.

"सावधान!"

उदयसिंह ताडकन उभा राहिला. टाचा जुळल्या, दोन्ही हात मांड्यांना चिकटले, छाती पुढे. पक्कड एकीकडे पडली, तारा चिखलात पडल्या. सतरा वर्षांत अंगात मुरलेलं ते, डोक्याला विचारायला गेलंच नाही. मी पुढे धावून सृष्टीला दंडाला धरून मागे ओढलं. होकायंत्र तिथेच केबलला टेकून राहिलं.

"बाई, परेड घ्यायला आला व्हय?" उदयसिंह म्हणाला. तो अजून हसत होता.

"मागे या," मी म्हणाले. "अजून मागे. कोरड्यावर."

तो चार पावलं मागे आला, काहीसा माझा मान राखायला म्हणून. तेवढ्यात शेजारच्या जयराजची मोटर आपोआप घुमायला लागली. त्याच्या पाइपानं दोनदा उचकी दिली आणि पाणी धबाधबा पाटात पडायला लागलं. लाईट आली होती.

आमच्या पुढ्यात, त्या ओल्या मातीत तारांची टोकं तडतडली. निळी ठिणगी उडाली, चिखलाचे शिंतोडे उडाले, आणि जळका वास आला. जिथे उदयसिंह बसला होता, तिथे त्याच्या पावलांचे ठसे अजून ताजे होते. त्यांच्या मधोमध माती उकळल्यासारखी होत होती.

तिघांचंही लक्ष होकायंत्राकडे गेलं. सुई उत्तरेकडे तोंड करून उभी होती. तसूभरही हलली नव्हती.

"बाई," सृष्टी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सुई न्हाई हलली. मी नजर काडली न्हवती. खरंच न्हवती."

मी तिला पोटाशी धरलं. उदयसिंहनं जयराजला हाक मारून डीपी पाडायला लावली. मग तो बांधावर बसला आणि कितीतरी वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. यल्लाप्पाचा फोन आला. "सबस्टेशनला फोन लागंस्तवर लाईट सुटली बाई. काय झालं?" मी म्हणाले, "वाचला." तो म्हणाला, "आता हात तरी लावू नगा म्हनावं, मी यीस्तवर."

मग मी उदयसिंहला सगळं सांगितलं. सेल आणि खांब यांतला फरक, मी तो वर्गात सांगितला नाही हे, आणि का नाही सांगितला तेही. वाटलं होतं, चिडेल, चार शब्द सुनावेल. मला ते हवेच होते.

"बाई, मी काय सुईच्या भरवशावर न्हवतो बसलो," तो म्हणाला. "मी इचारलं हुतं हिला, नक्की का म्हनून. तर हिनं वही दावली. त्यातलं काय वाचलं न्हाई, तुमची सही तेवडी बगितली. मग मी कशाला पुन्ना इचारू?"

"कसली सही?"

सृष्टीनं खोपीतल्या दप्तरातनं वही काढली. सोमवारचं पान. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "मोटरीच्या केबलवर होकायंत्र ठेवले. सुई हलली नाही. पण त्या वेळी जयराज काकांची मोटर चालू होती, म्हणजे लाईट होती. असे का?" आणि त्या प्रश्नाच्या बरोबर शेजारी लाल शाईत माझी बरोबरची खूण, सही, आणि खाली 'छान'.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी चहा पीत त्रेचाळीस वह्या तपासल्या होत्या. तपासल्या म्हणजे पानं उलटली होती. तेवढ्या वेळात कुणी काही वाचत नाही.

"तुमी बरोबर दिलं, मंग मला वाटलं, आमच्याच खांबाची लाईट गेली असंल तवा," सृष्टी म्हणाली. "कारन सुई तर खोटं बोलत न्हाई." मग जरा थांबून तिनं विचारलं, "बाई, म्हंजे माझं बरोबर हुतं?"

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. "माझं चुकलं. आणि ते मी उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"मंग असं का हुतं, त्ये?"

मी पर्समधनं लाल पेन काढलं आणि 'छान'वर काट मारली. मग बांधावर तिच्या शेजारी बसले, चष्मा पुसला आणि तिचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच.