आत्या भानावर असताना

"अहो, पानी ऱ्हाऊ द्या तसंच. आत्या भानावर हाईत!"

पूजा ओट्यावरून ओरडली तेव्हा मी कांद्याला पाणी धरत होतो. खोरं तिथंच टाकलं आणि चिखलाच्या पायांनी घराकडे पळालो. पळायची मला सवय नाही, हे आमच्या वस्तीपासून तिसगावच्या बाजारापर्यंत कोणीही सांगेल. पण पूजाच्या मोबाईलमध्ये एक काम कितीतरी दिवस अडकून पडलं होतं, आणि ते व्हायची वेळ अशी सांगून येत नव्हती.

पूजा, म्हणजे माझी बायको, आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. आमची संस्कृती नगरला कॉलेजात गेली आणि जाताना आईच्या मोबाईलमध्ये कामं लिहून ठेवायचं एक ॲप टाकून गेली. मला वाटलं, चार दिवसांची हौस. पण पूजानं त्यात सगळं घर बसवलं. प्रत्येक कामाला दोन चिठ्ठ्या. एक काम कशाचं आहे त्याची: कांदा, अंगणवाडी, आत्या. दुसरी ते कुठं किंवा कधी होतं त्याची: 'तिसगावला', 'थ्री फेज लाईट असताना', 'माळावर'. आमची वस्ती खोलगटात आहे. रेंज फक्त माळावरच्या लिंबाखाली येते, म्हणून फोनची सगळी कामं 'माळावर'.

"एकाच कामाला दोन दोन चिठ्ठ्या कशाला? सरकारी हापिस काढलं का काय?" मी एकदा चिडवलं.

"नुसतं 'आत्या' म्हनून धा कामं लिवली, अन तिसगावात हुबं ऱ्हाऊन मला त्यांची नखं काढायची आठवन आली, तर काय उपेग?" ती म्हणाली. "औषध तिसगावला. नखं घरी, ऊन आंगनात आल्यावर. जिथं हाय तिथलंच काम दिसावं मानसाला."

ॲप यायच्या आधी मी तिसगावला चार वस्तू आणायला जायचो आणि तीन वस्तू अन गावभरच्या बातम्या घेऊन यायचो. आता माळावरून तिचा फोन येतो, मी निमूट पिशवी भरतो. पुढं एकदा सहज तिचा मोबाईल हातात आला, तर त्यात एक चिठ्ठी दिसली: 'सहादेव जेवल्यावर'. गोठ्याचे पत्रे, संस्कृतीचं हॉस्टेल, ज्या ज्या गोष्टींना माझा होकार लागला होता त्या सगळ्या त्याखाली होत्या, आणि सगळ्यांवर बरोबरची खूण. मी इतकी वर्षं समजत होतो की घरातले निर्णय मी घेतो.

आणि सगळ्यात खाली होतं, 'आत्या भानावर असताना'.

आत्या म्हणजे माझी आई, छबूबाई. दोन वर्षांपासून तिची आठवण झिजत चालली आहे. गेल्या दिवाळीला माझी थोरली बहीण, कडूआक्का, नेवाशाहून आली. आईनं तिच्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, "कुनाकडं आलात तुमी?" पोटच्या लेकीला 'तुमी'. आक्का त्याच पावली परत गेली. जाताना पूजाच्या गळ्यात पडून म्हणाली, "मला परत न्हाई यायचं गं. तिनं वळखलं तर फोन कर. तेवढं मातर कर." डॉक्टरांनी सांगितलं होतं, असे ओळखीचे क्षण अधूनमधून येतील, पण दिवसेंदिवस कमी होतील.

म्हणून आक्काला व्हिडिओ फोन लावायच्या त्या कामाला पूजानं दोन नाही, तीन चिठ्ठ्या लावल्या: 'आत्या भानावर', 'माळावर' आणि 'आक्का घरी'. तिन्ही एकदम जमायला हवं. लग्नातसुद्धा लोक इतका मेळ बघत नाहीत. मी हसलो होतो. पण ती रोज अंगणवाडीतून येताना माळावर थांबायची, आक्का दुपारची कधी घरी असते, मोबाईल कधी तिच्या हाताशी असतो, ते फोनवर तिलाच विचारून घ्यायची. लिंबाखाली तिनं एक प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवली होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून पालथी घालून, वर दगड ठेवून. मी बायकोचं कौतुक तोंडावर कधी केलेलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. इथं लिहितो: इतक्या निगुतीनं कोणी माझ्या आईसाठी काही केलं नाही, मीसुद्धा नाही.

"माझा सहादू कुठं गेला, कडू कुठं हाय, असं आपनहून इचारलं त्यांनी," पूजा घाईघाईनं म्हणाली. "आक्का आत्ता घरीच असत्यात. उचला!"

आईला पाठुंगळी घेतलं आणि माळ चढू लागलो. पूजा मोबाईल उंच धरून पुढं.

"सहादू, आंघूळ केली न्हाईस का रं?" आई मानेजवळ बोलली. "लई वास येतोय तुजा."

"पानी धरत हुतो गं."

"कांदा उशिरा लावला औंदा. तुला सांगून उपेग न्हाई."

छाती फुटायची वेळ आली होती, पण आई रागावत होती म्हणजे अजून होती. मी पाय उचलत राहिलो. वर पोचेपर्यंत पूजानं खुर्ची सुलटी करून पदरानं पुसली होती. फोन लागत होता. आक्कानं पहिल्याच रिंगला उचलला. पडद्यावर तिचा चेहरा आला, डोळे आधीच भरलेले.

आईनं डोळे बारीक केले.

"कडू? अगं, किती वाळलीस! रडती कशापायी? जावई काय बोललं का तुला?"

"न्हाई गं आई, न्हाई," आक्का हसत होती आणि रडत होती.

मग दोघी बोलत राहिल्या. गाईचं, नातवाचं, आक्काच्या गुडघ्याचं. खाली माझं पाणी वाफा फोडून भलतीकडे वाहत होतं. वाहू दिलं. पूजा खुर्चीपुढं वाकून दोन्ही हातांनी मोबाईल धरून उभी होती. हलली तर चित्र जाईल म्हणून ती हलली नाही.

बोलता बोलता आई थांबली. पूजाकडे टक लावून पाहिलं. मग मोबाईलकडे झुकून हळूच म्हणाली, "कडू, ही बाई कोन हाय गं? माझं सगळं करती. न्हाऊ घालती, वेनी घालती. लई मायाळू हाय. कुनाची हाय, इचार की जरा."

आक्काचं हसू जागीच राहिलं. माझ्या आईच्या तोंडात वीस वर्षं दिवसभर 'पूजा, पूजा' होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर पूजानं मानेनंच 'नको' म्हटलं.

"मी इथलीच हाय, आत्या," ती म्हणाली. मोबाईल तिनं तसाच धरला होता, जरासुद्धा खाली येऊ न देता. "तुमी बोला आक्कांसंगं. बोलून घ्या."