डावी पेटी

भिंगरी आधी गुडघ्यांवर बसली, मग सरळ पालथी झाली आणि बाबाच्या स्पीकरच्या पेट्यांच्या मागे, भिंतीलगतच्या अरुंद जागेत तिनं डोकं घातलं. धुळीनं नाक हुळहुळलं, पण ही शिंकायची वेळ नव्हती. उजव्या पेटीची लाल तार लाल खुंटीत होती आणि काळी काळ्या खुंटीत, अगदी शहाण्या मुलीसारखी. डाव्या पेटीची लाल तार मात्र काळ्या खुंटीत होती. आणि काळी लाल खुंटीत.

"वाटलंच होतं," ती भिंतीला म्हणाली.

वाटण्याचं कारण पलीकडे चकाचक बूट घालून उभं होतं आणि मोबाइलवर गाणं शोधत होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आपल्या बैठकीत गाणी ऐकण्यासाठी स्पीकरची जोडी घ्यायची होती. कुणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही असा त्यांचा स्वभाव, म्हणून त्यांनी दोन जोड्या एकाच दुपारी, एकाच खोलीत मागवल्या. एक शोरूमची. कमरेएवढी उंच, काळीभोर, जिच्यात बघून भांग पाडावा इतकी गुळगुळीत. दुसरी बाबानं घरी बनवलेली, बुटकी, लाकडी, अजून पॉलिशचा वास येणारी. कारखाना बंद पडल्यापासून सात महिने बाबा गॅलरीत रंधा मारत होता, आणि डॉक्टरीणबाई हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. जोडी इथं राहिली तर त्याचा धंदा सुरू झाला. परत गेली तर त्यानं गोदामातली चालून आलेली नोकरी धरावी, असं आईनं दोनदा सुचवून झालं होतं.

त्यामुळे भिंगरी डोळ्यांत तेल घालून आली होती. बाबानं पेट्या जोडल्या, आणि पेट्यांखाली ठेवायच्या रबरी चकत्या रिक्षातच राहिल्या म्हणून दोघं पुन्हा खाली उतरले. तेवढी पाच मिनिटं शोरूमवाला वर एकटा होता. दोघं परत आले तेव्हा तो पेट्यांच्या मागूनच उठत होता, गुडघे झटकत. आणि हसत. मागे काम नसताना माणूस हसत का उठेल?

आरडाओरडा करायचा नाही, हे तिनं तिथल्या तिथे ठरवलं. चोराला चोर म्हटलं तर तो साव होतो. लाल तार तिनं लाल खुंटीत घातली, काळी काळ्या खुंटीत, दोन्ही खुंट्या बोटं दुखेपर्यंत आवळल्या आणि ती अशी बाहेर आली, जणू पेन शोधायला गेली होती.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढून खुर्चीत बसल्या. खाली पेशंट थांबलेत, वीस मिनिटंच आहेत, असं त्यांनी बजावलं. आधी काळी जोडी वाजली. बाईचा आवाज, मागे जाड आवाजाचं एक तंतुवाद्य आणि थोडा तबला. छान वाजली, हे भिंगरीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. मग शोरूमवाल्यानं जोडी बदलायचा खटका दाबला आणि बाबाच्या पेट्या बोलू लागल्या.

बोलू लागल्या म्हणजे कशाबशा. गाणारी बाई खोलीच्या मधोमध उभी राहायच्या ऐवजी इकडे-तिकडे सांडली होती. जाड वाद्य तर कुणी चोरून नेल्यासारखं गायब. सगळं पोकळ, रिकाम्या पिंपात गायल्यासारखं.

बाबानं मान वर केली. स्वतःच्या हातानं जोडून ठेवलेल्या पेट्या अशा का वाजतात ते त्याला कळेना, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरताना भिंगरीनं पाहिलं.

म्हणजे यानं आणखी काहीतरी केलंय. तिनं शोरूमवाल्याला विचारलं, की आमच्या वेळी आवाज लहान केला नाही ना, मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो. तो बिचारा म्हणाला, घे, तूच फिरव. तिनं बटण फिरवलं. पिंप मोठं झालं, एवढंच. मग तिनं जोड्यांच्या जागा बदलायला लावल्या, भिंतीची चूक असेल म्हणून. ओढाओढीत दहा मिनिटं गेली, वाद्य काही परत आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

शोरूमवाला घसा खाकरून बाबाला म्हणाला, "साहेब, राग मानू नका. एका पेटीची तार उलटी असणार. मी मागे बघू का?"

एवढं ऐकलं आणि भिंगरीचा बांध फुटला.

"बघा ना! तुम्हीच तर उलटी केली होती. आम्ही खाली गेलो तेव्हा. मी सरळ केली म्हणून, नाहीतर..."

"काय केलंस?" बाबानं विचारलं. शोरूमवाल्याला नाही, तिला.

"सरळ केली. लाल लालमध्ये."

बाबा पेट्यांच्या मागे गेला, वाकला, आणि तिनं बोटं दुखवून आवळलेल्या खुंट्या त्यानं एकेक करून सैल केल्या आणि तारा पुन्हा उलट लावल्या. तो बाहेर आला तेव्हा गाणारी बाई खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. खाली वाद्य असं गुरगुरलं, की टेबलावरची बशी थरथरली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले होते. ते उघडून त्या म्हणाल्या, "हे कसं? तार उलटी लावली तर नीट वाजतं?"

"पेटीत आतून उलटं असेल तर," शोरूमवाला म्हणाला, आणि आपण जास्त बोललो असं वाटून बुटांकडे बघू लागला.

"आतून उलटंच आहे," बाबा म्हणाला. "माझ्या हातून झालं. काल संध्याकाळी कळलं. पॉलिश ओलं होतं, पेटी उघडता येईना. म्हणून बाहेरून उलटी जोडली."

काल संध्याकाळी. काल संध्याकाळी भिंगरी चार मैत्रिणींना घेऊन घरी आली होती, आणि डाव्या पेटीवर हात ठेवून तिनं सांगितलं होतं, ही अख्खी मी केलीय, आतला सोल्डरचा प्रत्येक डाग माझा. बाबा मागे फडक्यानं हात पुसत उभा होता. तो हसलाही होता.

आता तो तिच्याकडे बघतही नव्हता. गप्प राहिलं असतं तर सहज निभावलं असतं.

"डावी पेटी मी केलीय," ती म्हणाली. आवाज पिंपातून आल्यासारखा निघाला. "तार मी डागली. आणि काका, तुम्ही काही केलं नव्हतं. सॉरी."

"माझं पेन पडलं होतं मागे," शोरूमवाला म्हणाला. "बाकी तुझ्यासारखी पोरगी माझ्या दुकानात असती, तर गिऱ्हाइकानं पाऊल टाकलं नसतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पेशंटच्या जबड्यात बघावं तसं त्या पेटीकडे बघत होत्या. "आणखी काय काय उलटं आहे आत?"

"काही नाही. बाकी सगळं मी तपासलंय," बाबा म्हणाला.

हे शब्द भिंगरीला चुकीपेक्षा जास्त लागले. बाकी सगळं. कधीपासून तपासतोय हा? विज्ञान प्रदर्शनातला तिचा दिवा, जो घरी लागत नव्हता आणि शाळेत झटक्यात लागला? सायकल, जी तिनं स्वतः ब्रेक बसवून वर्षभर चालवली?

"उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथंच. मला बघायचंय."

सोल्डरगन शोरूमवाल्याच्या गाडीत होती. तो स्वतः घेऊन आला, वर कुरकुरला की सामान माझं आणि फायदा दुसऱ्याचा. भिंगरीनं चार स्क्रू काढून स्पीकर पेटीबाहेर ओढला. लाल ठिपका होता तिथं तिनं काळी तार डागली होती, तीही किती गोल, किती सुबक डाग देऊन. तिघांच्या देखत तिनं तो सोडवला आणि तारा बदलल्या. धूर विरला तसा बाबा सवयीनं वाकला. तिनं पेटीच्या तोंडावर हात आडवा धरला.

"तू नको बघूस."

बाबा तसाच वाकलेला राहिला, क्षणभर. मग सरळ झाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, खोलीकडे पाठ करून.

तिनं स्पीकर बसवला, चार स्क्रू आवळले, मागची तार सरळ केली. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत दाराशी पोचल्या होत्या.

"ही राहू द्या," लाकडी जोडीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "काळी घेऊन जा. हिच्यात चूक कुठे होती ते तरी मला माहीत झालंय. तुमच्या काळीत काय आहे ते मला कोण सांगणार?"

शोरूमवाल्यानं कपाळाला हात लावला. बाबा खिडकीतून वळला, आणि त्यानं डॉक्टरीणबाईंना चक्क नमस्कार केला.

"चल गं भिंगरे," तो म्हणाला. "आईला सांगू."

पण भिंगरी अजून पेटीपुढेच बसून होती. तिनं स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला आणि पहिला स्क्रू सैल करायला घेतला.

"आता काय राहिलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "एकदा बघते."