सगळ्यांसमोर याक

पाच उन्हाळे हेमलताने दातओठ खाऊन काढले. सहाव्याला मात्र तिने नवऱ्याचं उट्टं काढायचं ठरवलं.

श्रीरंग जबलपूरच्या कारखान्यात आराखडे काढायचा आणि दर मे महिन्यात रजा टाकून बायकोसह हिमालयात चित्रं काढायला जायचा. धनगरांचे, म्हाताऱ्यांचे चेहरे काढावेत त्यानेच, हे तीही मान्य करायची. पण जनावर काही एका जागी बसत नाही, आणि याला धीर नाही. त्यामुळे मिठाच्या पिशव्या वाहणाऱ्या मेंढ्या, बिबट्याच्या भीतीने खिळ्यांचे पट्टे घातलेले कुत्रे, याक, सगळं शेणाचिखलात बसून काढलं हेमलताने. खाली सही एकट्या श्रीरंगची. वर्तमानपत्राने लिहिलं, ‘यांची जनावरं श्वास घेतात.’ ते त्याने तिलाच मोठ्याने वाचून दाखवलं! तिलाच! निर्लज्जपणाची कमाल झाली.

या वर्षी जबलपुरातच, ओमती भागातल्या सभागृहात प्रदर्शन ठरलं. पत्रिका छापून आणायचं काम हेमलताकडे आलं. तिने त्यात एक ओळ वाढवली आणि छापखान्यातूनच परस्पर शहराच्या टोकाला अधारताल, महाराजपुरापर्यंत पत्रिका वाटून टाकल्या. चित्रं टांगण्यात गुंतलेल्या श्रीरंगने एकही वाचली नाही.

उद्घाटनाला आलेल्या निवृत्त प्राचार्यांनी ती ओळ वाचून जाहीर केलं, “अब श्रीरंगजी सबके सामने याक बनाएँगे।”

टाळ्या पडल्या. श्रीरंगचा चेहरा पडला.

“हे काहून छापलं?”

“लोकायले पाहाचं असते ना,” हेमलता गोड आवाजात म्हणाली.

त्याने कोळसा घेतला. शिंगं कशीबशी जमली. पोटाची गोधडी झाली, आणि पुढचा पाय माणसाच्या गुडघ्यासारखा वाकला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. घामाघूम होऊन तो तिच्याजवळ आला आणि सभेला कळू नये म्हणून मराठीत पुटपुटला, “हेमा, तू काढून दे ना वं. सारे पाहून राहिले.”

याचीच तर ती वाट पाहत होती. उठून उभी राहिली आणि खणखणीत हिंदीत म्हणाली, “क्या कह रहे हो जी? दीवार के सारे जानवर मैंने बनाए, अब यह भी मैं ही बनाऊँ?”

सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या चित्रांकडे वळल्या. हेमलताच्या जिवाला असा थंडावा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

प्राचार्यांनी घसा खाकरला. “आइए बहनजी, आप ही बनाइए।”

हेमलता पदर सावरून परत खुर्चीत बसली.

“बनाऊँगी। पहले इनका पूरा होने दीजिए।”

श्रीरंगच्या याकाचे तीन पाय अजून व्हायचे होते.